नवतपात टिकेल असं ओव्हरक्लॉकिंग: रॅम आणि कूलर कसे निवडावेत

जानेवारीच्या रात्री नागपुरात कुठलाही कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक होतो, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालतो. खोलीत १८-२० अंश असतात, पंखे निवांत फिरतात, आकडे सुंदर दिसतात. खरी परीक्षा मेच्या शेवटी, नवतपात होते. दुपारी बाहेर ४५, खोलीत ४०, आणि त्यात पोरं सुट्टीला घरी असल्याने मशीन सकाळपासून चालू. म्हणून नव्याने ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो की रॅम आणि कूलर मे महिना डोळ्यासमोर ठेवून निवडा.

हा लेख ज्यांनी अजून बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) काही बदललेलं नाही त्यांच्यासाठी आहे. बोलायला सोपं जावं म्हणून एकच मशीन धरून चालतो: रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, डीडीआर४ रॅम. एप्रिल २०२२ मध्ये आलेला हा सहा कोरचा प्रोसेसर अजूनही खूप घरांत आहे आणि शिकायला फार चांगला आहे. इंटेल आणि डीडीआर५ वाल्यांसाठी कुठे काय वेगळं, ते त्या त्या जागी सांगेन.

पायरी १: खरेदीआधी तुमचा बोर्ड काय करू देतो ते पाहा

दुकानात जाण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करा. सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात बोर्डाचं नाव, प्रोसेसर, आणि एसपीडी नावाच्या टॅबमध्ये सध्याच्या रॅमची सगळी कुंडली दिसते.

एएमडीमध्ये बी४५०, बी५५०, एक्स४७० आणि एक्स५७० बोर्ड प्रोसेसर आणि रॅम दोन्ही ओव्हरक्लॉक करू देतात. ए५२० प्रोसेसरला हात लावू देत नाही, पण रॅमचा वेग वाढवता येतो. इंटेलमध्ये प्रोसेसरचा गुणक (ज्यावरून त्याचा वेग ठरतो तो आकडा) वाढवायचा तर नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, दोन्ही लागतात. बी६६० किंवा बी७६० वर रॅमपुरतं करता येतं. एच६१० वर तेही नाही, तिथे महागडी रॅम घेणं म्हणजे पैसे पाण्यात. लॅपटॉप आणि मोठ्या कंपन्यांचे तयार डेस्कटॉप बहुतेक वेळा बायोसमध्ये काही बदलूच देत नाहीत, त्यामुळे ते या लेखाबाहेर.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. एक्सएमपी, म्हणजे रॅममध्ये कंपनीने आधीच भरून ठेवलेलं जास्त वेगाचं सेटिंग, चालू करणंसुद्धा कागदोपत्री ओव्हरक्लॉकिंगच आहे, आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडी किंवा इंटेलच्या वॉरंटीत बसत नाही. प्रत्यक्षात एक्सएमपीने प्रोसेसर जळण्याची भीती अगदी कमी, पण हे माहीत असूनच पुढे जा.

पायरी २: आजचं तापमान वहीत लिहा

एचडब्ल्यूइन्फो६४ (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं) दहा मिनिटं चालवा. प्रोसेसरचं सर्वांत जास्त तापमान आणि त्याच वेळी खोलीचं तापमान, दोन्ही लिहून ठेवा. खोलीसाठी घरातलं साधं थर्मामीटरही चालेल. हे दोन आकडे एकत्र नसतील तर पहिल्याला काही अर्थ नाही.

कारण असं. कूलर हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही, तो फक्त प्रोसेसरची उष्णता हवेत सोडतो. खोली २२ अंशांवर असताना तुमचा प्रोसेसर ७० पर्यंत जात असेल, तर तो खोलीपेक्षा ४८ अंश वर आहे. तोच कूलर, तेच काम, आणि खोली ४० अंशांवर गेली की प्रोसेसर ८८ च्या आसपास. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, त्यापुढे तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे हिवाळ्यात कमावलेला वेग उन्हाळ्यात आपोआप परत जातो. या वजाबाकीला मी ‘वरचे अंश’ म्हणतो. ती एकदा केली की कूलर बदलायची गरज आहे का, हे दुकानदाराला विचारावं लागत नाही. तुमच्या घरातलं मे महिन्यातलं तापमान अधिक वरचे अंश, ही बेरीज ८५ च्या वर जात असेल तर आधी कूलर, मग बाकी सगळं.

पायरी ३: रॅम निवडणं

इथे लोक सर्वांत जास्त पैसे चुकीच्या जागी घालवतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

डब्यावर ३६०० लिहिलेलं असतं आणि दुकानात त्याला मेगाहर्ट्झ म्हणतात. खरं तर ती एका सेकंदात होणाऱ्या देवाणघेवाणींची संख्या आहे, दशलक्षांत. घड्याळाचा वेग त्याच्या निम्मा, म्हणजे १८००. म्हणूनच सीपीयू-झेडमध्ये १८०० दिसतं आणि नवखा माणूस घाबरून दुकानदाराला फोन करतो. फसवणूक झालेली नसते.

दुसरा आकडा सीएल. मागणी केल्यापासून पहिला डेटा यायला घड्याळाचे किती ठोके लागतात, तो हा आकडा. वेग आणि सीएल एकत्र पाहिल्याशिवाय तुलना होत नाही. हिशोब सोपा आहे: सीएलला २००० ने गुणा आणि डब्यावरच्या वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल १८ म्हणजेही १०. ३६०० सीएल १६ म्हणजे ८.९ च्या जवळ. आणि ३२०० सीएल २२, जी रॅमच्या स्वस्त हिरव्या पट्ट्यांवर सर्रास मिळते, ती १३.७५. दोन्ही पाकिटांवर ३२०० लिहिलेलं असूनही ती एक गोष्ट नाही, हे या भागाकारात लगेच दिसतं.

मग सगळ्यात मोठा आकडा का घेऊ नये? रायझनच्या आत कोर आणि मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) यांना जोडणारा एक अंतर्गत रस्ता असतो, त्याला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात. हा रस्ता आणि रॅमचं घड्याळ एकाच तालात चालले तर विलंब कमी राहतो. ५००० मालिकेत १८०० चा ताल जवळजवळ सगळ्यांना जमतो, १९०० काहींनाच. म्हणून डीडीआर४ मध्ये ३६०० ही जागा योग्य. ४४०० ची रॅम लावली तर ताल तुटतो, कंट्रोलर निम्म्या वेगाने चालतो, आणि जास्त पैसे देऊन खेळांमध्ये कमी मिळतं. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर डीडीआर५ असेल तर तीच जागा ६००० सीएल ३० ची आहे.

आता पट्ट्या किती. दोनच घ्या, आणि एकाच पाकिटातल्या. ८ जीबीच्या दोन किंवा १६ जीबीच्या दोन. एक १६ जीबीची पट्टी घेऊन दुसरी पुढच्या वर्षी घेऊ, हा विचार मध्यमवर्गीय घरात साहजिक आहे, मीही तसाच केला होता. दुकानदाराने अगदी तशीच म्हणून दिलेली दुसरी पट्टी आतून वेगळ्या चिपची निघाली. एक्सएमपी लावल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला, गेमही चालले, म्हणून मी खूश होतो. आठवड्याभराने भाचीच्या बारशाचे फोटो मोबाइलवरून कॉपी केले आणि मोबाइलमधून पुसले. नंतर उघडले तर कित्येक फोटो खालच्या अर्ध्या भागात करडे. रॅम चुकत होती आणि चुकलेला डेटा मुकाट्याने डिस्कवर लिहिला जात होता. ते फोटो परत मिळाले नाहीत. म्हणून रॅमशी काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर ठेवा, आणि चाचणी पूर्ण होईपर्यंत त्या मशीनवर नवीन काही मोलाचं ठेवू नका.

चार पट्ट्या लावल्या की मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो. डीडीआर५ मध्ये तर हा फरक ठळक आहे: रायझन ७००० साठी एएमडीने दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० दिला आहे आणि चार पट्ट्यांना फक्त ३६००. जास्त रॅम हवी असेल तर मोठ्या दोन घ्या.

घेण्याआधी बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर क्यूव्हीएल नावाची यादी असते, तीत तुमच्या रॅमचा पूर्ण भाग क्रमांक शोधा. यादीत नसलेली रॅमही बहुधा चालते, पण असलेली चालण्याची खात्री जास्त. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, बिलावर भाग क्रमांक लिहून घ्या. घरी आल्यावर एसपीडी टॅबमध्ये तो जुळतो का पाहा.

आणि रॅमवरचे रंगीत दिवे. दिसायला छान आहेत, आवडत असतील तर घ्या. पण उंची मोजा. दिवे असलेल्या किंवा उंच धातूच्या पट्ट्या अनेकदा ४२-४४ मिमी किंवा त्याहून उंच असतात आणि मोठ्या कूलरच्या पंख्याला अडतात. ३१ ते ३५ मिमीच्या बुटक्या पट्ट्या कुठेही बसतात.

पायरी ४: कूलर

५६०० सोबत येणारा रेथ स्टेल्थ हा छोटा ॲल्युमिनियमचा कूलर आहे. मूळ वेगावर, बऱ्या हवेत, तो काम निभावतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉकिंगसाठी तो पुरत नाही. माझं मत ठाम आहे: ज्याच्याकडे मर्यादित पैसे आहेत त्याने महागड्या रॅमऐवजी कूलरवर खर्च करावा. ३६०० सीएल १८ घ्या आणि सीएल १६ साठी लागणारे जादा पैसे कूलरला द्या. रॅममधला तो फरक चाचणीत दिसेल, कूलरमधला रोज ऐकू येईल.

सहा किंवा आठ कोरसाठी एका मनोऱ्याचा, चार तांब्याच्या नळ्यांचा, १२० मिमी पंख्याचा हवेचा कूलर पुरे. डीपकूलचा एके४०० हे त्याचं परिचित उदाहरण, उंची १५५ मिमी. दोन मनोऱ्यांमध्ये थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई पैशाच्या मानाने फार चांगला, उंची तेवढीच. नॉक्टुआचा एनएच-डी१५ उत्तम आहे, पण १६५ मिमी उंच आणि महाग. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती पाहिल्याशिवाय कुठलाच घेऊ नका. काचेचं दार बंदच होत नाही, ही तक्रार मी खूपदा ऐकली आहे.

पाण्याचे कूलर कधी? बारा-सोळा कोरचे रायझन ९ किंवा इंटेलचे कोअर आय७, आय९ के प्रोसेसर असतील तर ३६० मिमीचा रेडिएटर योग्य. सहा कोरसाठी मी तो सुचवत नाही. पाणीही शेवटी खोलीच्या हवेनेच थंड होतं, आणि पंप हा बंद पडू शकणारा एक भाग वाढतो. बऱ्याच तयार, सीलबंद पाण्याच्या कूलरमध्ये पाण्याचं तापमान ६० अंशांपर्यंतच राहावं अशी अपेक्षा असते, खोली ४२ वर असताना ते अंतर फार उरत नाही. घेतलाच तर रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील असा बसवा. हवेचे बुडबुडे वर जातात, आणि पंप सर्वांत उंच असेल तर ते त्यात अडकतात.

जुना कूलर काढताना एएम४ सॉकेटवर (५६०० चा हाच) एक धोका आहे. या प्रोसेसरच्या पिना खाली असतात आणि कूलरखालच्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे तो कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा, आणि सरळ वर न ओढता कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सुटा करा. स्टेल्थचे चारही स्क्रू निघाले की बोर्डामागची लोखंडी पट्टी पडते, ती मागून हाताने धरा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवीन पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी. आणि नव्या कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक सोलून काढा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत राहून जातं.

पायरी ५: कॅबिनेट आणि खोली

समोर पूर्ण काच असलेलं कॅबिनेट आपल्या हवेत घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. समोर जाळी हवी, तिच्यामागे धुळीची चाळणी, आत हवा घेणारे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा एक. आत घेणारे पंखे थोडे जास्त ठेवले की फटींतून धूळ ओढली जात नाही. रॅमलाही याच वाऱ्याचा फायदा होतो. काही डीडीआर४ चिप, विशेषतः सॅमसंगची प्रसिद्ध बी-डाय, ५० अंशांच्या आसपास कसलेल्या सेटिंगवर चुका करू लागते. रॅमवर वारा हवा तो यासाठी.

टेबलाखालच्या बंद कप्प्यात मशीन ठेवलं असेल तर ते बाहेर काढा. याला एक रुपया लागत नाही, आणि कधी कधी नव्या कूलरएवढा फरक पडतो.

पाण्याचा डेझर्ट कूलर खोलीत असेल तर चांगलंच, कोरड्या उन्हाळ्यात तो खोली खरोखर उतरवतो. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको, बारीक तुषार आणि पाण्यातले क्षार आत जातात. कोकणात आणि गोव्यात प्रश्न वेगळा आहे: तापमान कमी, पण खारी दमट हवा धातूच्या संपर्काच्या जागा खराब करते. तिथे मशीन अधूनमधून तरी चालू ठेवा, महिनोन्‌महिने बंद राहू देऊ नका.

दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. ते नीट होईपर्यंत ओव्हरक्लॉकिंगचा विषय काढू नका.

पायरी ६: सेटिंग, एका वेळी एकच

रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. शेजारीशेजारी लावल्या तर अनेक बोर्डांवर दोन्ही एकाच वाहिनीत जातात आणि अर्धा फायदा जातो.

मग बायोस अद्ययावत करा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते, आणि बायोस लिहिताना वीज गेली तर बोर्ड सुरूच होत नाही. यूपीएस नसेल तर पहाटे करा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीवाल्यांनी तर हे टाळूच नये, २०२४ मध्ये इंटेलने वाढीव व्होल्टेजमुळे प्रोसेसर खराब होण्यावरचा उपाय बायोसमधूनच दिला. एएम५ वर २०२३ मध्ये एसओसी व्होल्टेजची (मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजची) कमाल १.३ व्होल्टवर बांधली गेली, तीही नव्या बायोसमध्येच आहे.

आता एक्सएमपी चालू करा. असुसच्या एएमडी बोर्डांवर याला डीओसीपी म्हणतात, एएम५ वर एक्सपो. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपीने ते बहुधा १.३५ होतं. फॅब्रिकचा वेग १८०० दिसतोय ना, तेही पाहा. डीडीआर५ वर पहिल्यांदा पडदा कित्येक मिनिटं काळा राहतो. रॅमची जुळवणी चालू असते, बटण दाबू नका.

ज्यांच्याकडे ३२०० सीएल १६ ची बरी रॅम आहे त्यांनी नवीन घेण्याआधी १.३५ ते १.४ व्होल्टवर ३६०० वेग आणि १८-२२-२२ टायमिंग (पहिला आकडा सीएल) करून पाहावं. अनेकदा जमतं, नेहमी नाही. १.४५ च्या वर घरच्या मशीनमध्ये जाण्याचं कारण मला दिसत नाही.

प्रोसेसर शेवटी. सगळे कोर एका ठरावीक वेगावर बांधण्याची जुनी पद्धत रायझनवर तोट्याची, एकाच कोरच्या कामाचा वेग त्यात कमी होतो. त्याऐवजी पीबीओ, म्हणजे प्रोसेसरला मूळ मर्यादेपुढे आपोआप वेग वाढवू देणारं सेटिंग, चालू करा. ५६०० ची मूळ वीजमर्यादा ७६ वॅट आहे, ती ९० च्या आसपास न्या आणि कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोरना उणे १० द्या. यात व्होल्टेज कमी होतं, म्हणून वेग वाढूनही तापमान आटोक्यात राहतं. उणे आकडा जास्त झाला तर भाराखाली बहुधा काही होत नाही, मशीन रिकामं बसलेलं असताना अचानक रिस्टार्ट होतं. हे लक्षण ओळखा, उगाच एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलू नका.

पायरी ७: चाचणी

रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चार फेऱ्या. नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५. एकही चूक म्हणजे नापास, ‘एकच तर आली’ असं नसतं. मग प्रोसेसरसाठी ओसीसीटी तासभर. रॅमची चाचणी पास झाल्याशिवाय प्रोसेसरला हात लावू नका, नाहीतर चूक कोणाची ते कळत नाही.

मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. बरेच बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर स्वतः मूळ सेटिंगवर येतात. आले नाहीत तर प्लग काढून बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत लावा. बायोस कोऱ्या पाटीसारखा होतो. हे आधीच माहीत असावं, कारण रात्री दोनला काळा पडदा पाहून माणूस उगीच हताश होतो.

प्रत्येक वेळी वहीत तारीख, खोलीचं तापमान, बदललेलं सेटिंग आणि निकाल लिहा. हिवाळ्यात जमवलेलं सेटिंग २५ मेच्या सुमारास, दुपारी तीन वाजता, खोलीचं दार जसं रोज असतं तसं ठेवून पुन्हा तपासा. रॅममध्ये चूक आली तर कॅबिनेटचा समोरचा पंखा वाढवून पाहा, तरी आली तर ३६०० वरून ३४६६ वर उतरा. प्रोसेसर ८८ च्या पुढे गेला तर ९० वॅटचे परत ७६ करा. ऑक्टोबर हीट ओसरली की वही उघडून जुने आकडे पुन्हा घालता येतात.